वधू विभागाचं कुलूप

जालना,
१ डिसेंबर २००३

॥ श्री ॥

चि. उमा हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नको. घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या होस्टेलला शनिवारपासून चारदा फोन लावला, पण तुझ्या रेक्टरबाईंचं एकच पालुपद, "उमा फोन घेत नाही, निरोप ठेवा." आता हा निरोप असा दोन वाक्यांत ठेवण्यासारखा न्हाई. ईमेल करावा तर माझ्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत न्हाई, अन् इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की माझं मलाच वाचता येत न्हाई. म्हणून टपाल. मी बोलतो तसंच लिहितो, शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नको.

बियाण्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यापासून मी पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवून राह्यलो, हे तुला माहीत आहे. पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. साठीला टेकल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला (वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच, मास्तरीण मला आजोबा म्हणायची) आणि यंदा दसऱ्याला केंद्राची वेबसाइट सुरू केली. स्वतः बनवली. कोणाचं बोटसुद्धा लागलेलं न्हाई तिला. त्यात वरांचा एक फोल्डर, वधूंचा एक. वधूंच्या फोल्डरात त्रेचाळीस मुलींचे बायोडाटा आहेत. फोटो, जन्मवेळ, पत्ता, फोन, सगळं.

परवा वडीगोद्रीचे सर्जेराव आल्ते. चपला न काढता थेट आत. हातात एक कागद, तो माझ्या टेबलावर आपटला. पाहतो तर त्यांच्या धाकट्या मुलीचा बायोडाटा, फोटोसकट छापलेला! हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात भिंतीला चिकटवलेला होता म्हणे, कॅलेंडरच्या शेजारी. ट्रकवाले येता-जाता पाहून राह्यले, नंबर उतरवून घेऊन राह्यले. कोण्या दिवट्यानं सायबर कॅफेत जाऊन माझ्या वेबसाइटवरून काढला. सर्जेराव म्हणाले, "जगन्नाथराव, मी पोरीचा कागद तुमच्या हातात दिल्ता. दुनियेच्या हातात न्हाई."

तुझ्या मामीनं पाणी आणलं, त्याला त्यांनी हात लावला न्हाई. एकवीस तारखेला आपला वधू-वर मेळावा आहे. तोवर कुलूप लागलं न्हाई तर मेळाव्यात येऊन चारचौघांत बोलणार, असं सांगून गेले. बराबर आहे त्यांचं.

मंग मी वधूंच्या फोल्डरला पासवर्डचं कुलूप लावायला बसलो. पुस्तकात पाहून कुलपाची फाइल बनवली, चढवली. आता पासवर्ड विचारील म्हणून हात जोडून बसलो, तर पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरांत आलं, 'इंटर्नल सर्व्हर एरर, ५००'. मी घाबरून बटणच बंद केलं. कुलूप लावलं की मलासुद्धा आत जाता येत न्हाई. काढलं की सारी दुनिया आत. ज्यांच्या सर्व्हरवर जागा घेतली ते लोक फोन उचलत न्हाईत.

तू दिवसभर हेच काम करतीस. जल्दी सांग, काय चुकलं?

तुझा मामा,
जगन्नाथ

ता. क. तू फोन का घेत न्हाईस?


पुणे,
४ डिसेंबर २००३

ती. मामांना सा. न.

जेवणाच्या सुट्टीत तुमचं पत्र वाचलं आणि डबा तसाच बंद केला. पंक्चरच्या दुकानात! मामा, अहो, त्रेचाळीस मुलींचे पत्ते आणि फोन तुम्ही दोन महिने भर रस्त्यावर मांडून ठेवले होते! साठाव्या वर्षी तुम्ही वेबसाइट बनवलीत हे वाचून एरवी मी ऑफिसभर पेढे वाटले असते. आज नाही.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कुलपाची फाइल आहे तिथे राहू द्या. ५०० आलं तरी येऊ द्या. फोल्डर कोणालाच दिसला नाही तर बिघडलं काय? आपली चूक सापडेपर्यंत ते बिघडलेलं कुलूपच बरं.

आता तपासा. एक, फाइलचं नाव टिंबापासून सुरू होतं ना, आणि नोटपॅडनं तिच्या मागे '.txt' अशी शेपटी लावली नाही ना? दोन, कुलपाच्या फाइलमध्ये पासवर्डांच्या फाइलचा पत्ता असतो. तो सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता हवा. तीन, पासवर्ड साध्या अक्षरांत लिहू नका, त्याचं सांकेतिक रूप करून टाकायचं असतं. कसं ते मागच्या पानावर लिहिलंय. एवढ्यात नव्वद टक्के लोकांचं काम होतं.

सगळ्यात सोपं म्हणजे वेबसाइटचं नाव आणि सर्व्हरचा पासवर्ड मला कळवा. इथे बसून दोन मिनिटांत करते.

फोनचं विचारलंत. सांगणार नव्हते, आई काळजी करेल म्हणून. दसरा झाला आणि होस्टेलवर मला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. एक जण नागपूरचा, एक सोलापूरचा. "उंची किती?" "चष्मा आहे का?" एकानं विचारलं, "स्वयंपाकाला बाई लागते का स्वतः करता?" एक दिवस एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन होस्टेलच्या फाटकाशी उभा. रेक्टरबाईंनी सगळ्या मुलींसमोर मला विचारलं, "किती जणांना नंबर दिलाय?" मामा, मी तीन दिवस मेसमध्ये जेवायला गेले नाही. शेवटी सांगून टाकलं, माझा कुठलाच फोन मला देऊ नका.

कोणी केलं तेही कळलंय. माझ्या शेजारच्या टेबलावर वसंता म्हणून एक होता. त्याच्याकडे माझा होस्टेलचा नंबर होता, ड्यूटी बदलायची असली की फोन करायचा. सारखी थट्टा, "उमा, तुझ्या लग्नाचे लाडू कधी?" मी साहेबांकडे लेखी तक्रार दिली. त्याला नोकरीवरून काढलं. बरं झालं.

तुमची,
उमा


जालना,
८ डिसेंबर २००३

॥ श्री ॥

चि. उमा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मामीला वाचून दाखवायला गेलो अन् अर्ध्यात थांबलो.

आधी कामाचं. शेपटी खरंच होती, काढली. पासवर्ड तू सांगितला तसा सांकेतिक केला, आता तो असा दिसतो की वाचताना जीभ वळत न्हाई. आणि पत्त्याचं काय सांगू, हसशील. मी माझ्याच घरच्या कॉम्प्युटरमधला पत्ता दिल्ता, 'सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स'. म्हणजे तिकडच्या सर्व्हरनं जालन्यात माझ्या पुढच्या खोलीत येऊन चावी शोधायची! तो दुरुस्त केला. वाटलं, आता झालं. देवाला दिवा लावला, बटण दाबलं, पुन्हा तेच पांढरं पान. ५००. मला तर त्या आकड्याचीच दहशत बसली.

आता फाइलच जशीच्या तशी उतरवून देतो. वरून खालपर्यंत चार ओळी आहेत, टिंबटिंब तपासून लिहिल्या:

AuthType Basic
AuthName "Vadhu Vibhag"
AuthUserFile /home/jagannath/.htpasswd
require valid-user

यात काय चुकलं ते सांग.

सर्व्हरचा पासवर्ड असा कागदावर लिहून टपालानं पाठवणं बरं न्हाई. मधे कोणी पत्र फोडलं तर? अन् तुला ऑफिसची कामं काय कमी आहेत. तू नुसतं सांगत जा, मी करत जातो. माझंही शिकणं होतं.

एक कबूल करतो. कुलूप कायम ठेव म्हणालीस, पण मी सकाळी दहा ते पाच काढून ठेवतो. मुलांकडची माणसं ऑफिसातून पाहतात, त्यांचे फोन येतात, "जगन्नाथराव, तुमचं दुकान बंद का?" मेळावा तोंडावर आला. संध्याकाळी पुन्हा लावतो.

त्या फोनवाल्यांचं एवढं मनाला लावून घेऊ नको. सगळीच काही वाईट नसतील. तो पेढेवाला दिसायला कसा होता? शिक्षण, नोकरी वगैरे काही बोलला का?

अन् त्या वसंताचं वाईट वाटलं. तोच असेल कशावरून?

तुझा मामा,
जगन्नाथ


पुणे,
११ डिसेंबर २००३

ती. मामांना सा. न.

पेढेवाल्याचं शिक्षण विचारू? मामा! फाटकाशी अनोळखी माणूस उभा राहतो, तुमच्या भाचीची सगळ्यांसमोर शोभा होते, आणि तुम्ही त्याची नोकरी विचारता! लग्नं जुळवून जुळवून तुमचं डोकं पार कामातून गेलंय.

आणि दहा ते पाच कुलूप काढता? घरात चोर शिरतोय म्हणून दार लावायचं आणि दिवसा सताड उघडं टाकायचं, ही कुठली रीत? आजपासून बंद. त्या मुलाकडच्यांना सांगा, मेळाव्यात या आणि तोंडाने विचारा.

तुमच्या चार ओळी मी माझ्या दोन मित्रांना दाखवल्या. त्या आम्ही आमच्या सर्व्हरवर टाकून पाहिल्या. झकास चालतात. मग तुमच्याकडे ५०० का? मला खरंच काही सुचत नाहीये. तीन वर्षं हे काम करतेय, इतक्या सरळ फाइलनं कधी मला असं रडवलं नव्हतं.

आता एकच करा. सर्व्हर नुसता ५०० म्हणून गप्प बसत नाही. खरं कारण तो त्याच्या वहीत लिहून ठेवतो, तिला एरर लॉग म्हणतात. तुमच्या कंट्रोल पॅनलमध्ये त्या नावाचं बटण असेल. ते दाबा, जे पान येईल ते छापा. आणि कुलपाची फाइलसुद्धा हातानं उतरवून नको, नोटपॅडमधून छापलेलीच पाठवा. दोन्ही कागद स्पीड पोस्टानं. तुम्ही मला वेबसाइटचं नावसुद्धा सांगत नाही, विचारलं तरी टाळलंत. स्वतःच करायचं म्हणून हट्ट आहे हे कळतं मला. आजोबांचा हट्ट, दुसरं काय!

तुम्ही विचारलंत, वसंताच कशावरून. मीही विचार करतेय. कारण काल तो पेढेवाला पुन्हा आला होता. या वेळी मी फाटकाशी जाऊन त्याला चांगलं झापलं. तो बिचारा गांगरून म्हणाला, "मॅडम, आपली रास जुळते, म्हणून आलो. कन्या रास, हस्त नक्षत्र." मामा, त्याला माझं नक्षत्र माहीत होतं! ऑफिसच्या कुठल्याच फॉर्मवर नक्षत्र नसतं. वसंताला ते कुठून कळणार? मी त्याला विचारायच्या आतच तो निघून गेला.

उमा


जालना,
१५ डिसेंबर २००३

॥ श्री ॥

चि. उमा हिला आशीर्वाद.

घाईत लिहितो, पोस्टाची वेळ झाली. सांगितलेले दोन्ही कागद सोबत आहेत. एरर लॉगचं पान सापडलं, पण सगळं इंग्रजी अन् बारीक, मला त्यातलं ओ की ठो कळलं न्हाई. पहिलंच पान छापलं.

कुलूप आता दिवसासुद्धा लावूनच ठेवतो. सर्जेराव काल बाजारात भेटले, मी नमस्कार केला, त्यांनी मान फिरवली. मामी म्हणते, मेळावाच रद्द करा. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलो.

नक्षत्राचं वाचलं. त्याबद्दल भेटीत बोलू.

मामा


पुणे,
१८ डिसेंबर २००३

मामा,

पाकीट उघडल्यावर आधी हसले. ऑफिसात सगळे वळून बघायला लागले इतक्या मोठ्यानं. तुमच्या छापलेल्या कुलपाच्या फाइलमध्ये चार ओळी नाहीत, पाच आहेत. सगळ्यात वर, अगदी मधोमध, तुम्ही लिहिलंय:

|| Shree ||

तुमच्या प्रत्येक पत्रावर असतं तसंच. वाण्याच्या यादीवरही तुम्ही आधी तेच लिहिता. हाताने उतरवून दिलीत तेव्हा ती ओळ तुम्ही मोजलीच नाही, कारण तुमच्या लेखी ती ओळ नव्हेच. आणि मलाही ती दिसली नाही, कारण 'श्री' तर पत्राच्या माथ्यावर होताच! सर्व्हर बिचारा फाइल वरून वाचायला लागतो, पहिला हुकूम बघतो 'श्री', म्हणतो हे काम मला येत नाही, आणि अंग टाकून देतो. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलंय, 'इनव्हॅलिड कमांड'.

हसत हसत मी लॉगच्या पुढच्या ओळी वाचत गेले.

सातवी ओळ. 'फाइल सापडत नाही.' कुठली फाइल? 'vadhu' फोल्डरातली 'uma-pune-2.jpg'.

खाली पुन्हा तीच. पुन्हा तीच. एका पानावर अकरा वेळा.

लॉगमध्ये तुमच्या वेबसाइटचं नाव होतं. इंटरनेटवरच्या शोधाच्या यंत्रांनी तुमची पानं कधीच उतरवून ठेवली आहेत, तुमचं कुलूप त्यांच्या प्रतीला लागत नाही. तिथे पाहिलं. त्रेचाळीसपैकी सतरावा नंबर माझा आहे.

फोटो आईच्या घरातला, सत्यनारायणाच्या दिवशीचा, बाजूच्या सगळ्यांना कापून. नाव, जन्मवेळ, कन्या रास, हस्त नक्षत्र. वर्ण निमगोरा. होस्टेलचा पत्ता, होस्टेलचा फोन. "सायंकाळी सातनंतर भेटेल." दुसरा फोटो चढवायचा तुमचा राहिला, म्हणून जो कोणी माझं पान उघडतो त्याच्या नावानं सर्व्हर एक तक्रार लिहितो. अकरा वेळा. एका पानावर. आणि अशी पानं किती, मामा?

आणि शेवटची ओळ. "लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार."

कोण तयार? कधी विचारलंत मला? मी काय बोलू तुम्हाला! ज्या मामानं मला सायकल शिकवली, बारावीनंतर बाबांशी भांडून पुण्याला पाठवलं, त्या मामानं! मी तुम्हाला फाटकावरच्या माणसाचं लिहिलं, मी तीन दिवस मेसमध्ये गेले नाही ते लिहिलं, आणि तुम्ही त्याचं शिक्षण विचारत होतात. पासवर्ड द्यायला टाळत होतात. टपाल कोणी फोडेल म्हणे!

आणि वसंता. मामा, मी एका माणसाची नोकरी घालवली. त्यानं काहीही केलेलं नव्हतं. तो जाताना टेबल आवरत होता आणि मी मुद्दाम खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

तुमच्याशी मला एक अक्षर बोलायचं नाही. पण तिथे बाकी बेचाळीस मुली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. 'श्री' पुसायला तुमचा हात धजणार नाही हे मला माहीत आहे. त्या ओळीच्या आधी हे चिन्ह घाला: #. त्यापुढचं सर्व्हर वाचत नाही. ओळ राहील आणि कुलूप चालेल.

माझं पान काढून टाका. आज.

उमा


जालना,
२१ डिसेंबर २००३

॥ श्री ॥

चि. उमा,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मामीनं विचारलं, "काय झालं?" मी कागद तिच्या हातात दिला अन् मागच्या अंगणात जाऊन बसलो. वाचून ती बाहेर आली अन् एवढंच म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते." ती खरंच म्हणत होती. तुझी आईसुद्धा म्हणाली होती, "जगन्नाथा, आधी उमाला विचार." मी म्हणालो, "विचारलं तर न्हाई म्हणंल." ते माझंच वाक्य आहे, उमा. खोटं सांगत न्हाई.

वाटलं, एखादं चांगलं स्थळ आपसूक दाराशी येईल, तुला पसंत पडेल, मंग सांगू. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला बराबर कळलं होतं फोन कुठून येऊन राह्यले. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली. लाजेपोटी एका परक्या पोराची नोकरी गेलेली मी वाचली अन् 'वाईट वाटलं' एवढंच लिहिलं. थू माझ्या जिंदगीवर.

तू सांगितलं तसं ते चिन्ह घातलं. बटण दाबलं. एक चौकोन आला, नाव विचारलं, पासवर्ड विचारला. तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते झालं, अन् मला आनंद म्हणून झाला न्हाई. पहिलं तुझं पान काढलं.

मंग बाकीची पानं एकेक उघडून पाहिली. उमा, आता जे सांगतो ते ऐकून तू आणखी चिडशील. 'लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार' ही ओळ त्रेचाळीसही पानांवर होती. पहिल्या मुलीच्या बापानं सांगितली, मी एक नमुना बनवला, अन् त्याच्यावरून सगळ्यांची पानं उतरवली. नोकरी नसलेल्या मुलींच्या पानावरसुद्धा होती. सर्जेरावांची पोर अंगणवाडीत शिकवते, तिच्याही. एकीलाही मी तोंडानं विचारलेलं न्हाई. कागद आणून देतो तो बाप, न्हाई तर भाऊ, न्हाई तर काका. माझ्या पुढच्या खोलीत दोन वर्षांत मुलगी म्हणून एक आली न्हाई, अन् ते मला कधी खटकलं न्हाई.

आज मेळावा होता. सर्जेराव उठायच्या आत मीच माइक घेतला. सांगितलं, चूक माझी आहे, मुलींचे कागद उघड्यावर पडले ते माझ्यामुळं. शोधायच्या यंत्रांकडं ज्या प्रती आहेत त्या निघायला वेळ लागेल, त्यासाठी अर्ज करतो आहे. अन् आजपासून ज्या मुलीची स्वतःची सही न्हाई तिचं पान न्हाई. एक बाप उठून म्हणाला, "आमच्या पोरीची सही आम्हीच करतो." मी म्हणालो, "मंग तुमचं पान आम्हीच काढतो." लोक हसले, मी हसलो न्हाई. मामी वही घेऊन बायकांच्या बाजूला बसली. चौदा मुलींनी नाव काढा म्हणून सांगितलं. सर्जेरावांची पोर म्हणाली, "राहू द्या, पण नोकरीची ओळ खोडा."

बुधवारी सकाळच्या एसटीनं पुण्याला येतो. तुला भेटायला न्हाई, तू नको म्हणालीस तर फाटकाशीसुद्धा येणार न्हाई. तुझ्या साहेबांना भेटायचं आहे. सोबत सर्व्हरच्या लॉगची सगळी पानं आणतो.

मामा


पुणे,
९ जानेवारी २००४

ती. मामांना,

त्या बुधवारी तुम्ही ऑफिसात आलात तेव्हा मी टेबलावरून उठले नाही. काचेतून दिसत होतं. साहेबांनी तीनदा खुर्ची दाखवली, तुम्ही बसला नाहीत. ते कागद एकेक पुढे ठेवत होतात. माझ्यासमोरून परत गेलात आणि मान वर केली नाहीत. मला हाक मारावीशी वाटली होती. मारली नाही.

तुम्हाला शेवट कळायला हवा म्हणून लिहिते. साहेबांनी वसंताला पत्र पाठवलं. सोमवारी तो परत आला. आता पलीकडच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. त्यानं ते मागून घेतलं.

मी त्याची माफी मागायला गेले. खूप काही ठरवून ठेवलं होतं, तुमचं, वेबसाइटचं, नक्षत्राचं, सगळं भराभरा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उमा, तू मला एकदा विचारायचं होतंस. मी शेजारीच बसलो होतो."

बस, एवढंच. कामाला लागला.

मामा, मी तुम्हाला लिहिलं होतं, कधी विचारलंत मला? कागदात पेन घुसेल इतकं दाबून लिहिलं होतं. तेव्हा मला वाटत होतं की अशी चूक तुमच्यासारखी जुन्या वळणाची माणसंच करतात. मी त्याच्यापासून दोन हातांवर बसत होते. दोन महिने. मला वाटलं, विचारलं तर तो नाही म्हणेल.

फोन अजून येतात, पण कमी झालेत. गेल्या आठवड्यात एकच आला. रेक्टरबाईंना मी खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मामांनी तर मला न विचारता माझं लग्नच लावलं होतं." मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

उमा


जालना,
१३ जानेवारी २००४

# ॥ श्री ॥

चि. उमा हिला आशीर्वाद.

वरचं चिन्ह पाहून हसू नको. आता हातालाच सवय लागली.

वसंताचं वाचलं. त्याला काय लिहावं ते मला सुचत न्हाई. चार वेळा कागद घेतला. सुचलं की लिहीन, अन् तुझ्या हाती न देता थेट त्याच्या पत्त्यावर पाठवीन. त्याला चालेल का, ते आधी तुमच्या साहेबांकडून विचारून घेतो.

इकडं कुलूप चालू आहे. परवा माझाच पासवर्ड माझ्याकडून तीनदा चुकला, तर त्यानं मलाही दाराबाहेर काढलं. मला बरं वाटलं. आता फॉर्मवर सगळ्यांत वरती मुलीच्या सहीची जागा आहे. गेल्या आठवड्यात पुढच्या खोलीत दोन मुली स्वतः आल्या. एकीनं मुलांचे सगळे बायोडाटा वाचले अन् म्हणाली, "यांच्यातला कोण नोकरी सोडायला तयार आहे, ते कुठं लिहिलंय?" मामी आत जाऊन पदर तोंडाला लावून हसत होती. मी ती ओळ मुलांच्या फॉर्मवर घातली. अजून कोणी भरली न्हाई.

सर्जेराव काल आल्ते. चपला बाहेर काढल्या. पाणी प्यायले.

उमा, तुझा आवाज ऐकून तीन महिने झाले. पंचवीस तारखेच्या रविवारी सकाळी दहाला होस्टेलवर फोन केला तर चालेल का? न्हाई म्हणालीस तरी मी रागावणार न्हाई. एक ओळीचं कार्ड टाक. तुझं उत्तर आल्याशिवाय मी नंबर फिरवणार न्हाई.

तुझा मामा,
जगन्नाथ